रंगनतिट्टू, भावोजी आणि एक टाळी

पुण्याहून ताई-भावोजी आले की बंगळुरूत त्यांना काय दाखवायचं, हा माझ्यापुढचा कायमचा प्रश्न. ताईला पक्ष्यांचं वेड, म्हणून या मार्चमध्ये रंगनतिट्टूचं पक्षी अभयारण्य ठरवलं. कावेरीतली छोटी बेटं, शहराच्या एचएसआर भागातल्या आमच्या घरापासून गाडीने तीनेक तास.

साडेपाचला निघायचं होतं. भावोजींची अंघोळ सव्वासातला आटोपली. बिडदीला ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली. ती चांगलीच असते, पण भावोजींनी वाढप्याला पुण्यातल्या इडलीचं कौतुक ऐकवलं, तेही मराठीत. तो आपला "सरी सर, सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणत राहिला. दुचाकीने जाणाऱ्यांनो, एक्सप्रेसवेवर तुम्हाला सोडत नाहीत. बाजूचा रस्ता धरा. आणि कृपा करून सकाळची पहिली बोट गाठा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आणि रांग फाटकापर्यंत होती.

तासाभराने बोट मिळाली. झाडं चित्रबलाकांनी लगडली होती. घरटी इतकी जवळ की पांढरी, लवदार पिल्लं दुर्बिणीशिवाय दिसत होती. खडकावर मगर पहुडलेली. ताई श्वास रोखून बघत होती.

"नुसते बसलेत काय! उडताना व्हिडिओ घे," म्हणत भावोजींनी मोबाइल माझ्या हातात कोंबला आणि दोन्ही हात वर केले. ते काय करणार, मला कळलं होतं. पण जावईमाणूस, त्यात वयाने मोठे. मी गप्प बसलो.

जोरात टाळी वाजली. अख्खं झाड उठलं. आणि मोकळ्या पडलेल्या घरट्यावर एक घार उतरली, पिल्लू उचलून निघूनही गेली.

नावाड्याने वल्ही थांबवली. "स्वल्प सुम्मनिरी, सर," जरा गप्प राहा, एवढंच तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ताईने दुर्बीण पिशवीत टाकली ती पुन्हा काढलीच नाही.

 परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात भावोजींना बंगळुरूपर्यंत शिव्या घातल्या.

घरी आईने दार उघडलं. "काय काय पाहिलंत?"

भावोजी चपला काढता काढता थांबले. "मी टाळी वाजवली, आई. पक्षी उडाले, घारीने पिल्लू नेलं. माझ्यामुळे."

आईने माझ्याकडे पाहिलं. "आणि तू काय करत होतास?"

"व्हिडिओ घेत होतो," मी म्हणालो.