शहादेवची पन्नासची लेन्स

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी त्रिंबकने लेन्सची फोकसची रिंग पेट्रोलमधून बाहेर काढली आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. आट्यांमध्ये वाळलेलं ग्रीस होतं आणि चार महिन्यांचा फुफाटा. वडवणीच्या बसस्टँडमागच्या त्याच्या दुकानात मिक्सर, पंखे, घड्याळं येतात. कॅमेरे वर्षाकाठी दोन-तीन. ही लेन्स मात्र त्याने अंधारातही हातानेच ओळखली असती.

ती शहादेवची होती. दोघेही एकेकाळी आप्पारावांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते. १९८९ साली स्टुडिओ बंद करताना आप्पारावांनी ही पन्नास मिलिमीटरची लेन्स शहादेवला दिली आणि स्क्रू-ड्रायव्हरचा डबा त्रिंबकला. "तुझा हात चांगला हाय," एवढंच ते म्हणाले. मग नजर कुणाची चांगली, हे त्रिंबक तीस वर्षं स्वतःला विचारत आला होता.

आता २०१९चा मे होता. दूध संघाने गावाबाहेर माळावर चारा छावणी चालवली होती. शहादेवने काढलेले जनावरांचे आणि मालकांचे फोटो संघाच्या कार्यालयात भिंतभर लागले होते. त्रिंबक तिथे कूलर दुरुस्त करायला गेला आणि कूलरकडे पाठ करून भिंत बघत राहिला. जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला बसावी म्हणून लागणारी पितळी चकती त्यानेच कानशीने घासून दिली होती. त्याचं नाव भिंतीवर कुठेच नव्हतं. त्याची खात्री होती, सगळी करामत लेन्सची आहे.

कॅमेऱ्यासकट ती साफ करायला त्रिंबककडे ठेवून शहादेव काल नेकनूरला गेला होता. आज दुपारी यायचा होता.

रिंग सोडवण्याआधी त्रिंबक नेहमी सुईने खूण ओरखडतो. ह्या लेन्सवर ओरखडा काढायला त्याचा हात धजला नाही. त्याने पेन्सिलीने खूण केली, ती पेट्रोलने पुसली गेली. असल्या रिंगीचे आटे बऱ्याच ठिकाणांहून सुरू होतात, प्रत्येक सुरुवात म्हणजे एक तोंड. चुकीच्या तोंडात बसली तरी रिंग मऊ फिरते. जवळचं स्पष्ट येतं, लांबचं धुरकट. त्याने अंदाजाने रिंग बसवली, लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि आपणही तसे फोटो काढून बघावेत म्हणून छावणी गाठली.

केसरबाई म्हशीपुढे उसाचे वाढे टाकत होत्या.

"तुमी बी फोटो काढता व्हय? शादेवभाऊ कुठं गेले?"

"नेकनूरला. हलू नका."

"म्हशीला सांगा की ते."

त्याने पाच-सहा फोटो काढले. मागच्या दावणी धुरकट आल्या. त्याला बरंच वाटलं. दोष आट्यांचा होता. दुकानात जाऊन त्याने दुसरं तोंड लावलं, मग तिसरं, आणि दूरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचता आली तेव्हा परत छावणीत आला.

"पुन्हा आले," केसरबाई शेजारणीला म्हणाल्या. "मघापासून त्या नळीकडंच बघाया लागलेत. म्हशीकडं एकदा बी न्हाई."

ह्या खेपेला म्हशीचा केस न् केस आला. केसरबाई सरळ उभ्या होत्या, अर्जाला फोटो जोडायचा असल्यासारख्या. त्रिंबक बटण दाबत कॅमेऱ्यातल्या परवाच्या फोटोंपर्यंत मागे गेला. तीच म्हैस, त्याच केसरबाई, तीच लेन्स. शहादेवच्या फोटोत त्या अर्ध्या चौकटीबाहेर गेल्या होत्या, म्हैस त्यांचं कोपर चाटत होती आणि त्या तिला रागे भरत होत्या. फोकस जरा हललेला होता. त्रिंबकने तो फोटो बराच वेळ बघितला. दुसरा कुठलाही दोष त्याला सापडला नाही.

दुकानात येऊन त्याने लेन्स परत सोडवली. चुकीचं तोंड त्याला आता पाठ झालं होतं. उद्या संघाचे संचालक छावणी बघायला येणार होते आणि शहादेव टाकीवर चढून सगळ्या माळाचा फोटो घेणार होता. चुकीच्या तोंडाने तो धुरकट आला असता. त्रिंबकने रिंग त्या तोंडाला टेकवली, दोन आटे फिरवलीही. मग त्याच्या लक्षात आलं, फोटो बिघडला की लोक पहिल्यांदा विचारणार, लेन्स कुणी दुरुस्त केली. ते सांगायला शहादेव कमी करणार नव्हता. त्याने रिंग काढली, बरोबर बसवली आणि तिन्ही स्क्रू आवळले.

शहादेव दीडला आला. कॅमेरा उघडून त्याने शेवटचा फोटो बघितला.

"हे तू काढलंस का बे?"

"टेस्ट."

"लई शार्प हाय. तुझ्या हाताला तोड न्हाई, तिरमक." आणि बटण दाबून तो स्वतःच्या फोटोंकडे वळला.

उद्या सकाळी साडेसातला संचालक छावणीत येतील. फोटो शहादेव काढेल. त्रिंबकचं दुकान नेहमीसारखं नऊला उघडेल.