आप्पांच्या चपला आणि सर्व्हरची रांग

आमच्या ऑफिसातले संगणक रोज बंद व्हायचे, किस्से मात्र साठतच गेले. जुने तिघे-चौघे भेटलो की एक तरी निघतोच.

साल दोन हजार चार-पाच. पंचवटीत भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. मालक जोशी सर, सटाण्याचा बाविस्कर आणि मी, एवढाच कारभार. गिऱ्हाईकही एकच, भाजीवाले आप्पा. मुंबईच्या ऑर्डरी आमच्या सर्व्हरवर रांगेत लागायच्या आणि आप्पांच्या तीन शेडमधल्या ज्या संगणकाची पाळी असेल त्याच्याकडे जायच्या.

*

आप्पांचा एक गडी संगणक नीट बंद करायचाच नाही, भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायचा. सर्व्हरला वाटायचं, हा अजून आहेच. एकदा मेथीची ऑर्डर त्या मेलेल्या संगणकाच्या नावावर पडून राहिली. बाकीच्या दोन शेड मोकळ्या बसल्या आणि मेथी सुकली.

"अजून एक ऑर्डर अडकली तर दसऱ्यानंतर करार नाय," आप्पा म्हणाले. करार म्हणजे आमचे पगार, त्यामुळे आम्ही टरकलो.

*

सरांनी आप्पांना समजावलं, की रॉकेलच्या रांगेत माणूस चप्पल ठेवून चहाला जातो, तसं झालंय. चप्पल बघून सर्व्हर फसतो.

आप्पा म्हणाले, "मग दर घडीला हाक मारा ना. तीनदा ओ नाय दिली तर चप्पल फेका आन् पुढच्याला घ्या."

सरांनी तीन दिवस इंग्रजी पुस्तकं चाळली. उत्तर तेच निघालं.

*

ते काम बाविस्करनं केलं. पठ्ठ्यानं ओ देणारा प्रोग्राम ऑर्डरीच्या प्रोग्रामपासून वेगळाच लिहिला. ऑर्डरीचा प्रोग्राम ठप्प, तरी संगणक इमानदारीत ओ देतोय! टोमॅटो दुपारपर्यंत अडकले. आम्ही गुपचूप फोनवरून निभावून नेलं. सर तापले, तर हा त्याच्या अहिराणीत म्हणतो, "संगणक चालू शे ना, सर."

त्याचं स्वतःचंही तसंच होतं. टेबलावर दहापासून पिशवी आणि चष्मा, आणि हा मिसळीला.

*

मग सरांनी तोच नियम आम्हाला लावला. त्यांची खुर्ची दाराशी, आमच्याकडे पाठ. मान न वळवता हाक मारायचे. तीनदा ओ नाही आली तर अर्धी रजा कापायचे. बाविस्करची ओ मी द्यायचो. पाप माझं, मिसळ त्याची.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पा नव्या करारावर सही करायला आले. कागदाची झेरॉक्स काढायला सर खाली गेले, तेवढ्यात बाविस्कर सटकला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून दारातल्या आप्पांच्याच चपला घालून गेला. आप्पा त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

सर वर आले, दारात चपला दिसल्या नाहीत, ते आत न बघताच सरळ आपल्या खुर्चीत बसले.

"बाविस्कर?"

मी सवयीनं तोंड उघडलं. आप्पांनी हातानं मला गप्प केलं आणि स्वतःच ओ दिली.

"आप्पा गेले वाटतं, चपला नाहीत. बरं झालं. सकाळी कोथिंबीर परत अडकली होती, ते त्यांना कळू देऊ नकोस."

तेवढ्यात दारात बाविस्कर उभा, ओठाला तर्री आणि पायात आप्पांच्या चपला. सरांनी आधी त्याचं तोंड पाहिलं, मग त्याचे पाय, मग हळूहळू मान मागे वळवली.

आप्पांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही करतो, जोशी. पण आधी सांगा, हितं चप्पल कोणाची फेकायची?"