कुबात संपला

किरगिझ मुलखातल्या बालिक्ची गावाच्या मोटार डेपोत चाळीस वर्षं ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज केलेल्या माणसाला मनगटावरचं एवढंसं घड्याळ चार्ज ठेवता येऊ नये, यासारखी नामुष्की नाही, असं कुबात स्वतःच सगळ्यांना सांगत सुटे. दुसऱ्या कुणी बोलण्याआधी आपणच बोलून टाकलं की निम्मी लाज कमी होते, असा त्याचा अनुभव होता. उरलेल्या निम्म्या लाजेला तो चहा पाजून घालवी.

डेपो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. पण घरामागच्या शेडमध्ये कुबातचं राज्य चालूच होतं. थंडी पडली की अर्ध्या गावाच्या गाड्या सकाळी हूं की चूं करत नसत. मग माणसं बॅटरी पोटाशी धरून कुबातच्या दारात हजर. तो तिच्यावर खडूने नाव लिही, झाकण उघडून आत डोकावे, डॉक्टरासारखा "च्च" करी आणि म्हणे, "संध्याकाळी ये." काम दुपारीच झालेलं असे. पण दुपारी बोलावलं तर माणूस बॅटरी उचलून चालता होतो आणि संध्याकाळी आला तर दोन घटका बसतो. बायको जाऊन आठ वर्षं झालेल्या माणसाला एवढी लबाडी माफ असावी, असं त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

गेल्या शरद ऋतूत तो अंगणात चक्कर येऊन पडला. सकाळी पडला तो कोबीच्या ढिगाऱ्याशेजारी दुपार टळेपर्यंत तसाच. समोरचा बेइशेन टॅक्सीची बॅटरी न्यायला आला म्हणून सापडला. "माझ्यासाठी नव्हता आला तो," कुबात पुढे सगळ्यांना सांगे. "बॅटरी घेतली, आणि मग विचारलं, काका, तुम्ही असे आडवे का?" हे अर्थात खोटं होतं. बेइशेन त्याला पाठीवर टाकून धावला होता. पण किस्सा असाच बरा वाटे.

मुलगी मात्र हसली नाही. बुरुलाय त्याची एकुलती एक. बिश्केकला इस्पितळात नर्स, सासर तिथलंच. ती आली ती घड्याळ घेऊनच.

"हे हातातून काढायचं नाही," पट्टा आवळत ती म्हणाली. "तुमच्या हृदयाचे ठोके माझ्या फोनवर दिसतात."

"एवढे काय बघण्यासारखे आहेत?"

"बाबा, मी थट्टा करत नाहीये. हे बंद पडलेलं दिसलं की मी आले म्हणून समजा. आणि आले की शेडला कुलूप, आणि तुम्ही आमच्याकडे. नवव्या मजल्यावर."

"आणि लिफ्ट बंद पडली तर?"

"तर तुम्ही तिची बॅटरी चार्ज करा!"

कुबातची पाचावर धारण बसली. नवव्या मजल्यावर बॅटरी पोटाशी धरून कोण येणार? सकाळी उठायचं कशासाठी? तेव्हापासून ते घड्याळ त्याला पोलिसासारखं वाटू लागलं, आणि पोलिसाची मर्जी राखायची तर त्याचं पोट भरलेलं हवं.

इथेच सगळी विद्या आडवी आली. बुरुलायने सांगितलं होतं, रात्री झोपताना लावून ठेवा. पण चाळीस वर्षं तो लोकांना बजावत आला होता की लावून विसरलेली बॅटरी उकळते. तेव्हा रात्री नाही म्हणजे नाही. दिवसा घड्याळ त्याच्या चार्जिंगच्या चकतीवर ठेवून हा शेजारी स्टूल टाकून बसे, आणि दर पाच मिनिटांनी बोट लावून ते तापलं का बघे. घरात नुसतं बसायचं असलं की बंदच करून ठेवी. उभ्या गाडीचं इंजिन कुणी चालू ठेवतं का? की लगेच फोन वाजे. "बाबा, ठोके कुठे गेले?" "आहेत, आहेत, जरा वाचवून ठेवलेत." शेवटी बचतीच्या नादात त्याने उजेड इतका कमी केला की त्यात वेळ दिसेना. मग दुसऱ्या मनगटावर जुनं किल्लीचं घड्याळ चढलं. एक वेळ बघायला, एक मुलीला दाखवायला. "दोन घड्याळं घालणारा म्हातारा बघितलाय का?" तो हात पुढे करून विचारी. "तिकीट लावायला हवं."

हिवाळा उतरेपर्यंत कसाबसा मेळ बसला. सकाळी आठ ते नऊ घड्याळ चकतीवर, कुबात स्टुलावर.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मात्र घोटाळा झाला. आदल्या दिवशी उलान वाऱ्याने हैदोस घातला होता आणि आता लख्ख ऊन पडलं होतं. घड्याळात सहा टक्के उरले होते. कुबातने ते चकतीवर ठेवलं आणि समोरून बेइशेनने हाक मारली, "काका, नऊ घरांचा एक डाव! का घाबरलात?" पटावरच्या या गोट्यांच्या डावात कुबातला घाबरट म्हटलेलं चालत नसे. एकच डाव, म्हणून तो बेइशेनच्या भिंतीशी जाऊन बसला. एकाचे तीन झाले. इकडे वाऱ्याने सैल झालेल्या तारा ओढायला गल्लीची वीज बंद केली होती, आणि उन्हात बसलेल्या माणसाला वीज गेल्याचं कळत नाही. शेडमध्ये अकरा बॅटऱ्या तुडुंब भरून ओळीने ठेवलेल्या असताना घरात घड्याळाने मान टाकली.

मान टाकण्याआधी त्याने आपलं काम चोख केलं. बुरुलायच्या फोनवर निरोप धाडला.

आता कुबात म्हणजे बळ. नाव म्हणून चांगलंच आहे, बापाने हौसेने ठेवलेलं. पण अलीकडे फोन आणि घड्याळं बॅटरीलाही तेच म्हणू लागली होती. शिवाय किरगिझमध्ये माणूस 'संपला' आणि बॅटरी 'संपली' यांत काही फरक नाही. घड्याळाची भाषा बुरुलायनेच हौसेने किरगिझ करून दिली होती, म्हातारबाबांना सोपं जावं म्हणून.

बुरुलाय रात्रपाळी करून झोपली होती. फोन स्वयंपाकघरात होता, आणि तिथे तिच्या सासूबाई, म्हणजे उमसून नावाच्या विहीणबाई, कणीक मळत होत्या. फोन किणकिणला. विहीणबाईंनी चष्म्याशिवाय डोळे बारीक केले. वर बारीक अक्षरात 'घड्याळ' असं होतं ते दिसलं नाही. खाली ठळक होतं ते दिसलं.

कुबात संपला.

दुसऱ्या कुठल्या गावात अशी बाई किंचाळली असती, सून उठली असती, आणि "आई, ती बॅटरी हो!" म्हणून सगळं मिटलं असतं. पण विहीणबाई रीतीच्या पक्क्या. बाप गेल्याची बातमी मुलीला अशी सांगत नाहीत. आधी भाऊबंदांना कळवायचं, वडीलधाऱ्यांनी मुलीला माणसांत आणून बसवायचं, आणि मग हळूच शब्द टाकायचा. त्यांनी पिठाच्या हाताने तो फोन बंद करून पिठाच्या डब्यात लपवला. मग कुबातच्या धाकट्या भावाला, सागीनला, फोन केला, आणि मुलाला गाडी काढायला लावून सुनेला हलवलं. "ऊठ गं. तुझ्या बाबांची तब्येत जरा नरम आहे म्हणे. जाऊन येऊ."

सागीन जवळच्याच खेड्यात राहायचा. त्याने मयताच्या दारात उभारायचा तंबू ट्रकवर घातला, मेंढा चढवला, चौघा चुलतभावांना घेतलं आणि दीड तासात गल्लीच्या तोंडाशी येऊन, रीतीप्रमाणे खाली उतरून, कमरेत वाकून आक्रोश करत चालू लागला.

बेइशेनच्या भिंतीशी कुबातने कान टवकारले. डाव तो हरत होता.

"कुणीतरी गेलं रे," म्हणत त्याने उठता उठता पायाने गोट्या उधळल्या. "पलीकडची म्हातारी असणार. चल."

रडण्याचा आवाज आला की पुरुषाने बसून राहायचं नसतं. कुबातने टोपी सारखी केली, मोठा श्वास घेतला आणि सूर लावला. गळा त्याचा नावाजलेला. धावत तो पुढच्या माणसाच्या गळ्यात पडला. डोळे दोघांचेही मिटलेले.

"ओ माझ्या भावा रे! कोण गेलं?"

"सोन्यासारखा दादा गेला रे, दादा!"

"अरेरे! कुठला दादा?"

"आपला कुबात रे!"

"हाय हाय माझ्या कुबाता!" कुबातने टाहो फोडला, आणि तो अर्धा बाहेर पडल्यावर थांबला.

सागीनने डोळे उघडले. त्याची बोबडी वळली. मागचे चौघे मात्र भरात होते, ते तसेच रडत येऊन कुबातवर आदळले.

"गाढवा," दम घेत कुबात म्हणाला, "मला एक फोन करून विचारायचंस!"

"मेलेल्या माणसाला कोण फोन करतं?"

"मग बुरुलायला?"

"तिला कसं विचारणार? तिला तर अजून सांगायचंय!"

मग हशा असा उसळला की गल्ली गोळा झाली. बेइशेन भिंत धरून हसत होता. कुबात तर सुटलाच. "सोन्यासारखा दादा म्हणालास ना? ऐकलं मी! गवताच्या वाटणीवेळी काय म्हणाला होतास? आणि मी तरी काय रडलो! पण एक सांगतो, तुमच्यापेक्षा बरा रडलो. स्वतःचं माणूस ते स्वतःचं." मेंढा आणलाच होता, तर तो आता जिवावरचं टळलं म्हणून कापायचं ठरलं. बायकांनी कढया चढवल्या. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं, बातमी आली कुठून? सागीनने विहीणबाईंचं नाव घेतलं. घड्याळाचा उलगडा झाला, आणि हसणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं.

एकट्या कुबातचं हसू मात्र तिथेच आटलं.

"म्हणजे ती निघालीय?"

त्याने बुरुलायचा फोन लावला. बंद. विहीणबाईंचा लावला. एकदा वाजला, दुसऱ्यांदा बंद. सुनेसमोर बोललं तर गोष्ट फुटेल म्हणून त्यांनीही फोन बंद केला असणार, हे त्याला लगेच कळलं. त्यांच्या जागी त्यानेही तेच केलं असतं.

'तब्येत जरा नरम आहे.' असंच काहीतरी सांगून तिला आणत असणार, आणि असलं वाक्य बुरुलायने स्वतः इस्पितळात किती जणांना ऐकवलं असेल. तिला ते ऐकताक्षणीच कळलं असणार. अजून दीड तासाचा रस्ता होता, आणि त्या गाडीत तिचा बाप मेलेला होता. हे कुबातला सहन होईना. लोक आत बोलवत होते, तो गेला नाही. टोपी काढून, उंच असलेला आणखी उंच होऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, लांबून दिसावा म्हणून.

गाडी आली तेव्हा दुपार झाली होती. विहीणबाईंनी काचेतून त्याला पाहिलं आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. बुरुलाय उतरली. डोक्याला काळा रुमाल होता. तो तिने वाटेत, कुणी काही न सांगताच, बांधला होता.

ती रडली नाही. जवळ येऊन तिने त्याची बाही वर सारली, मनगटावर बोटं ठेवली आणि त्याच्या दुसऱ्या हातातल्या किल्लीच्या घड्याळावर नजर लावून पुरं एक मिनिट मोजलं. कुबातने तीन विनोद तयार ठेवले होते. त्यातला सगळ्यात लहान काढला.

"किती भरले?"

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, मी वाटेत तुम्हाला पुरून आले."

कुबातने उरलेले दोन विनोद सोडून दिले.

"बोओमच्या घाटात सगळं झालं. माती, जेवणं. आलेल्यांना काय सांगायचं ते. लोकांच्या बॅटऱ्या ज्याच्या त्याला परत करायच्या, तेही ठरवलं. फक्त शेडची किल्ली तुम्ही कुठे ठेवता तेवढं आठवत नव्हतं. इथपर्यंत तेच आठवत होते."

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. कुबातने चाळीस वर्षांत असल्या शेकडो बॅटऱ्या पाहिल्या होत्या, पार तळाला गेलेल्या. त्यांना जोरात करंट देऊन चालत नाही. अगदी कमी द्यायचा, वेळ द्यायचा, आणि शेजारून हलायचं नाही. हे तो अख्ख्या गावाला सांगत आला होता. घड्याळ कसलं वाचवत बसलो मी, त्याला वाटलं. ही रोज रात्रपाळी करून येते आणि झोपायच्या आधी माझे ठोके बघते, आणि मी ते बचतीत टाकतो. त्याला स्वतःची खरोखरची लाज वाटली, चहाने न जाणारी.

तो घरात गेला. घड्याळ आणि चकती कोटाच्या खिशात टाकली. बाहेर येऊन गळ्यातली दोरी काढली आणि तिला बांधलेली शेडची किल्ली बेइशेनच्या हातात दिली.

"अकराच्या अकरा भरल्यात. नावं खडूने लिहिलीत."

"काका, निघालात कुठे?"

"नवव्या मजल्यावर."

"मी तसं काही म्हटलेलं नाही," बुरुलाय म्हणाली.

"ठरलं होतं ना? बंद पडलं की न्यायचं."

"बाबा, तुम्हाला तिथे करमणार नाही."

"नाही करमणार," कुबात म्हणाला. "चल."

सागीनचा ट्रक परतीला चालू होईना, तेव्हा जाता जाता कुबातलाच शेडमधली बॅटरी जोडून द्यावी लागली. "माझ्या मयताला आणलेली गाडीसुद्धा मीच चालू करायची," असं तो पुटपुटला, पण आवाजात जोर नव्हता. जावयाच्या गाडीत पुढची मानाची जागा त्याने विहीणबाईंना दिली आणि स्वतः मागे मुलीशेजारी बसला. गाव सुटायच्या आत बुरुलाय त्याच्या खांद्यावर झोपली. तिची बोटं त्याच्या मनगटावर होती तशीच राहिली. पुढे हात आखडला, मुंग्या आल्या, खांदा भरून आला, पण बिश्केक येईपर्यंत कुबातने तो हलवला नाही.