हिरानो-सानना बरोबर दिसलं होतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सहा वर्षं होतील आता. इथे जपानात, निशी-कसाईत आमच्या ओळखीची मराठी घरं इतकी, की माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी संध्याकाळपर्यंत चार जणींना कळतं. आणि ही गोष्ट मात्र कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय – तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी जात्याच चौकस. शेजारणीच्या डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला आले, जपानी बोलायचा सराव व्हावा म्हणून एदोगावातल्या पक्षीप्रेमींच्या एका शनिवारच्या गटात जाऊ लागले आणि तिथे गरुडांच्या नादी लागले. फिलिपाईन्सच्या वर्षावनातल्या एका उंच झाडावर गरुडाचं घरटं होतं, त्यावर कॅमेरा लावलेला. फोटो आम्हाला घरी कॉम्प्युटरवर दिसायचे. केवढा पक्षी तो! पंख पसरले तर आमच्या बाल्कनीत मावणार नाही. आणि ही जोडी दोन वर्षांत एकच पिल्लू वाढवते. आज त्याला काय खायला आणलं असेल – साप? उदमांजर? एकदा पंजात धनेशाची चोच दिसली, तर मी दिवसभर खूश होते.

काम सोपं होतं. तेच फोटो दोघांनी वेगवेगळे पाहायचे, कागदावर नोंद करायची, खाली हांको – म्हणजे आपल्या नावाचा लाल शिक्का – उमटवायचा आणि शनिवारी दोन्ही कागद ताडून पाहायचे. माझी जोडी हिरानो-सानशी – सान म्हणजे आपलं ‘जी’. ऐंशी ओलांडलेल्या, सायकलवरून येणाऱ्या, पडद्यावरचा एकेक फोटो भिंगातून बघणाऱ्या. मला त्यांचं हसू यायचं. खरं सांगू? कंटाळाही यायचा.

सगळ्यात महत्त्वाची नोंद नराची. पिल्लू लहान असताना मादी त्याच्यापाशी बसते आणि शिकार नर आणतो. तो यायचा थांबला तर काहीतरी बिघडलं असं समजायचं. तिथल्या माणसांना घरट्याच्या डोंगरावर चढायला दीड दिवस लागे, म्हणून आमच्या नोंदी पाहूनच ती निघत. नराच्या डाव्या पंखात एक मोडकं पीस होतं. ती खूण मीच शोधली होती. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि तेव्हापासून दोन कागदांत फरक पडला की माझा खरा धरायचे.

त्या शनिवारी फरक पडला. हिरानो-साननी चार दिवस लिहिलं होतं – नर आला नाही. मी लिहिलं होतं – आला.

मी पाहिलं काय होतं? पंजे. फक्त पंजे. शिकार असलेले फोटो तेवढे उघडले, काय आणलंय ते बघितलं आणि शिकार आहे म्हणजे नरच, असं धरून चारही दिवस सारखंच लिहिलं. पंखाकडे बघितलंच नव्हतं.

गट चालवणाऱ्या मोरी-साननी मला विचारलं, पीस दिसलं का? पुन्हा बघते म्हणायला माझं काय जात होतं? पण समोर ते भिंग होतं, आणि भिंगवाल्या आजींपुढे हरायचं – मला ते नको होतं. मी म्हणाले, "स्पष्ट दिसलं."

हिरानो-सान उठून उभ्या राहिल्या. "माझे डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना त्रास झाला." मग त्यांनी आपल्या चार ओळींवर रेघा मारल्या आणि इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येक रेघेवर आपला शिक्का उमटवला. चार वेळा. मी बघत होते.

घरी आल्यावर त्याच चौकसपणाने मी फोटो उघडले. चारही दिवस डावा पंख धड होता. म्हणजे पिल्लाला एकटं टाकून आईच शिकारीला जात होती. दुपारचे तीन वाजले होते. एक मेसेज पुरला असता. मी फोन हातात घेतला – आणि ठेवून दिला. उद्या येईल तो, असं स्वतःला सांगितलं.

तो आला नाही. पुढच्या शनिवारी मी खरं लिहिलं. हिरानो-सान आल्याच नव्हत्या, पुन्हा कधी आल्या नाहीत. माणसं डोंगर चढली तेव्हा नर रानडुकरांसाठी लावलेल्या फासात मेलेला सापडला. भोवतालची माती खूप उकरलेली होती, म्हणजे तो बरेच दिवस जिवंत होता. घरट्यात पिल्लूही मेलेलं. फोटोच धूसर असतील, असं मोरी-सान म्हणाले. मी मान डोलावली.

गेल्या वसंतात हिरानो-सान मला ग्योतोकु स्टेशनबाहेर भेटल्या. पायी होत्या. डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून त्याच वर्षी सायकल देऊन टाकली, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, ते पिल्लू उडालं का?

मी उडालं म्हणून सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही बघत होतात म्हणून," त्या म्हणाल्या. आणि मी कमरेत वाकून त्यांचे आभार मानले.