सगळ्यायचा चष्मा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात एक शिंपी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वी तो जहाजावर खलाशी होता. विलायतेत आजारी पडला, तेव्हा तिथल्या सरकारी दवाखान्यानं त्याला बरं केलं, वर चष्माही दिला आणि पैसा घेतला नाही.

"फुकट? काहून?" मी विचारलं.

सुईत दोरा ओवत तो म्हणाला, "भंडाऱ्यासारखं हाये ते. कमावते तो पगारातून टाकते, बिमार पडते तो जेवते. वाढनारा इचारते का, तुमी किती दाने देले म्हून?"

यातून त्यानं स्वतःपुरता एक कायदा काढला होता. चष्मा सगळ्यांच्या पैशाचा, म्हणून तो सगळ्यांचा. बाजारातल्या म्हाताऱ्या त्याच्यापुढे ओळीनं बसत. कुणी तांदूळ पारखी, कुणी पायातला काटा काढी. तोवर हा शिवण थांबवून, डोळे मिचकावत खुशीत बसे.

एकदा माझी आई ओळीत बसली. त्यानं काचा धोतरानं पुसून चष्मा तिच्या कानांवर चढवला. तिनं आधी आपल्या बांगड्या पाहिल्या, मग मला.

"काहून रे, तुये केस कधी पिकले?"

साऱ्या म्हाताऱ्या मला बघायला चष्मा मागू लागल्या.

"लाईनीनं या," शिंपी म्हणाला, "सगळ्यायले दिसन."