पहारवालीचे वाफे

माझी बायको लाकडाचं पॅलेट फोडायला बसली की शेजारची माणसं दारं लावून घ्यायची. आवाजाला भिऊन नव्हे, तिच्या तोंडाला. एकेक फळी ती एकेकाच्या नावानं उखडायची. पहार फटीत घातली, अंगाचा भार टाकला, कडाडकन आवाज झाला की म्हणायची, "ही माझी जाऊ." दुसरी फळी, "हा मेला रेशनवाला." उरलेल्या सगळ्या माझ्या नावावर. सातपूरच्या आमच्या वसाहतीत तिला पहारवालीच म्हणायचे. आता ती नाही, म्हणून लिहितो. लिहायची सवय नाही मला, तरी लिहितो.

ही सायखेड्याची. गंगेकाठची, म्हणजे गोदावरीकाठची, काळी जमीन बघितलेली पोर लग्न होऊन आली ती मुरमावर. आमच्या खोलीमागं कुदळ मारली तर ठिणगी उडायची. आठ दिवस रडली. मग म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीच्या गेटापाशी लाकडं सडत पडलीत ना, ती आणा." बाहेरून मशिनं ज्या फळ्यांच्या पाटांवर बसून यायची, ती ही पॅलेटं. कंपनीला ती नकोच असायची. मी सायकलला बांधून आणली. तिनं ती फोडून गुडघाभर उंच पेटारे ठोकले, माहेराहून गाळाची माती पोत्यांनी एसटीच्या टपावर घालून आणली, आणि त्यात वांगी, भेंडी, गवार लावली. एक अख्खं पॅलेट भिंतीला उभं केलं, मागून गोणपाट ठोकलं आणि फटीफटीत कोथिंबीर पेरली. लोक बघायला यायचे. "हात लावू नका, तोडून ठेवीन," हे तिचं स्वागत.

स्वतःलाही दया दाखवत नव्हती. एकदा खिळा तळहातात आरपार गेला. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, "तोंड काय बघता? पकड आणा." पदर दातात धरून तिनंच तो उपसला, हळद दाबली, आणि तोच खिळा दगडावर ठोकून सरळ केला. "रक्त प्यालाय माझं. आता कामाला लागंल." वाफ्यात घोणस निघाली तेव्हा पहारीनं तिचे तीन तुकडे केले, आणि दुधीचा वेल तुटला म्हणून मेलेल्या सापाला शिव्या देत बसली.

मग कंपनीला टाळं लागलं. पगार बंद, पॅलेटं बंद. घरात दोन मुली. पाच महिने आम्ही चौघं त्या वाफ्यांवर जगलो; खाऊन उरलेलं ही बाजारात विकायची. ते वाफे गेले असते तर चूल गेली असती, हे मला कळत होतं. कळत असून मी काय केलं ते सांगतो.

होळीला लाकूड चोरायची रीत आमच्याकडं आहेच. होळीवर चढलेलं लाकूड परत आणायचं नाही, धन्यानं नुसती बोंब मारायची. त्या दिवशी ही बाजारात होती. मंडळाचे गडी आले. "काका, देवाचं काम हाय, काहीतरी द्या." मी म्हणालो, "एखादं जुनं न्या," आणि पुढच्या ओट्यावर बिडी ओढत बसलो. मागं त्यांनी सगळे पेटारे उपटले. माती रोपांसकट उताणी टाकली. आवाज मला येत होता. उठलो नाही. रीत आहे, म्हणालो.

दिवेलागणीला ही आली. मागं गेली, पहार उचलली आणि तडक चौकात. पूजा झाली होती, नैवेद्य दाखवला होता, काडी ओढायचीच बाकी. ही ओरडली, "चोरट्यांनो, माझ्या लेकरांचं ताट जाळता काय रे!" लोकांना वाटलं होळीचीच बोंब. सगळ्यांनी तोंडावर हात मारून तिला साथ दिली. हसत होते. तिनं अध्यक्षाच्या नडगीवर पहार हाणली तेव्हा हसू थांबलं. दुसरा आडवा आला, त्याचा खांदा फोडला. मग ती होळीवर चढली आणि आपल्या फळ्या ओढून काढायला लागली. वर बांधलेला एरंड खाली पडला.

नडगी धरून बसलेला अध्यक्ष ओरडला, "काका, बाईला आवरा! नायतर बांगड्या भरा तुम्ही!"

मी गेलो. तिला खाली ओढली आणि सगळ्या ताकदीनं कानाखाली मारली. डाव्या बाजूला. ती लाकडांवर आपटली. कानातून रक्त मानेवर आलं. ती उठली, माझ्याकडं बघितलंही नाही. चार खेपा करून आपल्या सगळ्या फळ्या घरी नेल्या. तिला कोणी अडवलं नाही. मी तिथंच उभा राहिलो.

पेटारे तिनं परत ठोकले, माती परत भरली. दीड महिन्यानं भेंडी आली. आम्ही जगलो. कानाचा पडदा फाटला होता, तो काही भरून आला नाही. कोणी विचारलं तर सांगायची, "फळी लागली." नंतर दुसऱ्या कंपनीची पॅलेटं यायला लागली; ती फोडताना शिव्या चालूच होत्या, पण माझं नाव त्यात परत कधी घेतलं नाही. मी वाट बघायचो.

पुढं पंधरा वर्षं गेली, मुली नांदायला गेल्या, आणि हिच्या किडन्या गेल्या. ती मेली त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात तिच्या खाटेशी बसलो होतो, डाव्या बाजूला. कानाशी वाकलो आणि म्हणालो, "त्या होळीला मी तुला मारायला नको होतं. माझं चुकलं."

तिनं डोळे उघडले. "अहो, त्या कानानं ऐकू येतं का मला? इकडून या. काय म्हणत होता?"

मी उठलो, खाटेला वळसा घालून उजवीकडं गेलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. लय वेळ बघत होती.

मी म्हणालो, "दूध घेतेस का थोडं?"

"एवढ्यासाठी उठलात व्हय," ती म्हणाली, आणि भिंतीकडं वळली.