चहा घेतला की घर पास

त्यानं गरम कुकर उचलला आणि जिन्यावरून खाली फेकला. मी खालच्या पायरीवर उभी. कुकर भिंतीवर आदळला, झाकण माझ्या नडगीवर बसलं, डाळ पायभर. भाजलं की फुटलं, आधी कळलंच नाही.

वरून तो ओरडला, "चार दिवस माझ्या आईला काय खाऊ घातलंस, ए बाई!"

कालपर्यंत मावशी होते मी. "मावशी, अजून एक भाकरी आहे का?" म्हणून ताट पुढे करायचा.

आता सगळं सांगते, कारण तेव्हा मला कुणी विचारलं नाही. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. अमेरिकेत हर्नडनला लेकीचं घर, बेसमेंट माझं. लेक-जावई दिवसभर ऑफिसला. लेक म्हणाली, "आई, खालची एक खोली नवीन येणाऱ्या लोकांना थोडे-थोडे दिवस देऊ या. तुला सोबत होईल."

आमच्याकडच्या मराठी मंडळाची एक यादी होती. ईमेलवर फिरायची. इंडियातून नवीन आलेला माणूस अपार्टमेंट मिळेपर्यंत यादीतल्याच घरी उतरायचा. का, तर ही घरं तपासलेली. कमिटीतली एक बाई येणार, घर बघणार, स्वयंपाकघरात बसून चहा घेणार. चहा घेतला की घर पास. आमच्याकडेही आली. दोन कप प्यायली. वर साखर मागून घेतली. "काकू, काय आलं घातलंय हो!" म्हणाली. फॉर्म लेकीनं भरला होता. जावई पंजाबी, म्हणून आडनाव पंजाबी. त्यावरून तिला काही उमगलं नाही. मला तिनं विचारलं नाही.

मग हा आला. पुण्याचा, कंपनीत मोठ्या कामावर, सोबत आई. चार दिवस छान गेले. त्याची आई माझ्याबरोबर मेथी निवडायला बसायची. पाचव्या दिवशी निवडता निवडता म्हणाली, "माहेरचं आडनाव काय हो तुमचं?"

सांगितलं. गाव सांगितलं, वस्ती सांगितली. नागपूरला शाळेत आया होते, वर्ग झाडायचे, हेही सांगितलं. महाराची पोर, झाडून-पुसून लेक इंजिनीअर केली. मला त्याचा अभिमान. लपवायचं काय?

ती उठली. सिंकपाशी गेली आणि घशात बोटं घालून ओकायला लागली. मी पाणी द्यायला गेले तर किंचाळली, "हात लावू नका!" मी घाबरून पंचा आणायला खाली गेले. तेवढ्यात तिनं लेकाला सांगितलं असणार. परत येताना तो कुकर.

पायावरचा डाग आहे अजून. तो सोसतो. त्या ओकण्याचा आवाज सोसत नाही.

मी झाकण उचललं. लंगडत वर गेले. त्यानं माझं मनगट पिरगाळलं, दोन बांगड्या फुटल्या. शाळेत आया असताना हेडमास्तरीणबाईंनी ढकललं होतं, तेव्हा खाली बघितलं होतं मी. या वेळी नाही बघितलं. दुसऱ्या हातातलं झाकण त्याच्या खांद्यावर घातलं. जोरात. तो खुर्चीवर कोसळला.

"बॅगा भर," म्हटलं. "तुझ्या आईला घे आणि नीघ."

संध्याकाळी कमिटीतल्या बाईचा फोन. "काकू, तुम्ही लपवलंत. यादी विश्वासावर चालते. तुमचं नाव काढावं लागतंय."

"आणि त्याचं?"

"तो गेस्ट आहे हो."

"दोन कप प्यायलीस ना बाई," मी म्हटलं. "तूही जा की ओकायला."

फोन ठेवला तिनं. लेक रडत होती. "आई, जाऊ दे. यांच्यातच राहायचंय आपल्याला."

"आपण कुठं यांच्यात राहतोय गं? ते आपल्या घरात राहत होते."

मग मी लेकीला इंटरनेटवरच्या एका साइटवर जाहिरात टाकायला लावली. तिथं कुणी कुणाला तपासत नाही. कुणीही घर टाकावं, कुणीही यावं. चांगलीच माणसं येतात असं मी म्हणणार नाही. एक गोरा दारू पिऊन आला, लाथा घालून बेसमेंटचं दार फोडलं. जावयाची बॅट घेऊन उभी राहिले, हाकलला. ती कमिटीवाली लेकीला दुकानात भेटली. "बघ, म्हणून यादी लागते." पण दार फोडणाऱ्याला दार फोडणारा म्हणतात. सुताराकडून दार बसवून घेतलं, झालं. पुण्याचा तो यादीत तपासलेला सज्जनच राहिला.

आता तपासणी मी करते. कुणी आलं की आधी चहा टाकते. उकळेपर्यंत माझं गाव, वस्ती, जात, सगळं सांगते. मग कप पुढे ठेवते.

मागे एक जोडपं आलं. नवऱ्यानं घेतला. बायको कपाकडे बघत बसली. साय धरली तरी हात पुढे नाही. "मी चहा घेत नाही, काकू."

"दूध देते. पाणी देते."

"नको."

कप सिंकमध्ये ओतला. तिची बॅग मीच दारात नेऊन ठेवली. नवरा म्हणाला, "काकू, बाहेर बर्फ पडतंय."

"दिसतंय मला," म्हटलं, आणि दार उघडलं.

कप उष्टा झाल्याशिवाय किल्ली देत नाही. देणार नाही.